कणकुंबीला सायकलीनेच जावे

शाळेच्या सहलीचा विषय दरवर्षी दिवाळीची सुट्टी संपली की शिक्षकांच्या खोलीत निघतो, आणि त्याचा निकालही बहुधा ठरलेलाच असतो. स्थळ बदलते, वाहन बदलत नाही. पहाटे पाचला शाळेच्या दारात मोटार उभी राहते, मुले तीत चढतात, खिडकीजवळच्या जागांवरून थोडी भांडणे होतात, मग ध्वनिवर्धक सुरू होतो आणि घरी परत येईपर्यंत तो काही बंद होत नाही. घाटाची वळणे लागली की निम्मी मुले डोळे मिटून लिंबू हुंगत बसतात. ज्या सृष्टिसौंदर्यासाठी म्हणून पालकांकडून वर्गणी घेतली, ते सौंदर्य नेमके त्याच वेळी खिडकीबाहेरून पळत असते. परत आल्यावर सहलीचे वर्णन लिहावयास सांगितले तर चाळीस वह्यांत तोच धरित्रीचा हिरवा शालू आणि तेच पाखरांचे मंजुळ कूजन सापडते. कोणता डोंगर, कोणती नदी, कोणते गाव, याचा मागमूसही नसतो. मी मुलांना दोष देत नाही. ताशी साठ किलोमीटर वेगाने जो प्रदेश पाहिला, त्याविषयी याहून अधिक कोणास काय लिहिता येणार?

येत्या वर्षी नववीची सहल सायकलींवरून न्यावी, ती बेळगावहून कणकुंबीपर्यंत न्यावी, आणि तीत मुलींना मुलांच्या बरोबरीने घ्यावे, असे माझे मत आहे. शिक्षकांच्या बैठकीत मी ते मांडले. काहींना ते रुचले, काहींना धाडसाचे वाटले. "मुलगे जाऊ देत सायकलीने, मुली मागून मोटारीने येतील" अशी एक तडजोडही पुढे आली. अंतिम निर्णय अद्याप व्हावयाचा आहे. तो पालकांच्या संमतीवाचून होणारही नाही, आणि आपले हे वार्षिक घरोघरी वाचले जात असल्यामुळे जे बैठकीत बोलले ते येथे जरा विस्ताराने लिहीत आहे.

आधी वाटेविषयी. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. कणकुंबी, जेथे मलप्रभेचा उगम आहे, ते सुमारे ७९० मीटरवर. दोहोंमधील अंतर रस्त्याने ४५ किलोमीटरच्या आसपास. केवळ आकडे पाहणारा म्हणेल, पंचेचाळीस किलोमीटरांत चाळीस मीटरांचा चढ, म्हणजे ही तर सपाट वाट झाली! पण सह्याद्रीच्या माथ्यावरचा प्रदेश असा सरळ हिशेब मानीत नाही. पिरनवाडी मागे टाकून किणयेच्या बाजूला लागलो की रस्ता लाटांवर हेलकावणाऱ्या होडीसारखा वरखाली होऊ लागतो. एका टेकाडावर मोठ्या कष्टाने मिळविलेली उंची पुढच्या ओढ्यापाशी गमवावी लागते, आणि ती पुन्हा मिळवावी लागते. कुसमळीपाशी मलप्रभा ओलांडली, जांबोटी मागे पडली, की चढ लांब होत जातात व झाडी रस्त्याच्या दोन्ही अंगांनी जवळ येते. मोटारीत बसलेल्या माणसाला यांतील एकही चढ ठाऊक नसतो, कारण त्याच्या वतीने तो चढ इंजिनाने चढलेला असतो. सायकलस्वाराच्या पोटऱ्यांना मात्र वाटेतील प्रत्येक ओढ्याचा ठावठिकाणा कळतो, आणि दहा वर्षांनीही तो त्या विसरत नाहीत.

भूगोलाच्या तासाला समोच्चरेषा शिकविताना मी नेहमी हरते. फळ्यावर वर्तुळांत वर्तुळे काढावी, "रेषा जवळजवळ आल्या की चढ तीव्र समजावा" असे सांगावे, मुलांनी ते वहीत उतरवून घ्यावे, आणि परीक्षेत टेकडीऐवजी खड्डा काढावा, असे वर्षानुवर्षे चालले आहे. ज्या मुलाने जांबोटीच्या पुढचा एक चढ पायांनी चढला आहे, त्याला जवळजवळ आलेल्या रेषा म्हणजे काय हे मला सांगावे लागणार नाही. पहाटे एखाद्या खोलगट जागेत उतरताना अंगावर एकाएकी गार हवेचा झोत येतो, आणि पलीकडे शंभर पावले वर चढताच हवा पुन्हा उबदार लागते. थंड हवा जड असते, रात्रभरात ती ओहोळातील पाण्यासारखी सखल भागात उतरून साचते. हे वाक्य पुस्तकात आहे. पण पुस्तकातील वाक्याने कोणाच्या कानांना थंडी वाजत नाही.

आता कणकुंबीच का, ते सांगते. याहून प्रसिद्ध स्थळे आपल्या आसपास पुष्कळ आहेत. आंबोलीही अशीच घाटमाथ्यावर आहे, तेथे हिरण्यकेशीचा उगम आहे, आणि तिकडे जाणाऱ्यांची गर्दीही मोठी. कणकुंबीला तशी गर्दी नसते. तेथे माउलीचे देऊळ आहे, मलप्रभेच्या उगमाचे तीर्थ आहे, आणि भोवताली डोंगर व दाट रान. बेळगावात जेवढा पाऊस पडतो त्याच्या कित्येक पट तेथे पडतो. मात्र मी हे गाव निवडते ते एका अदृश्य रेषेसाठी. ती रेषा म्हणजे जलविभाजक. रेषेच्या पूर्वेस पडलेला पावसाचा थेंब मलप्रभेत जातो. सौंदत्तीच्या यल्लम्माला जाणाऱ्या आपल्या कित्येक कुटुंबांनी त्या परिसरात या नदीवरचे मोठे धरण पाहिले असेल. पुढे कूडलसंगमाला ती कृष्णेला मिळते, आणि तो थेंब हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास करून बंगालच्या उपसागराला पोचतो. रेषेच्या पश्चिमेस हाकेच्या अंतरावर पडलेला दुसरा थेंब म्हादईच्या खोऱ्यात उतरतो, गोव्यात मांडवी हे नाव घेतो, आणि शे-सव्वाशे किलोमीटरांच्या आत अरबी समुद्रात विलीन होतो. दोन थेंब ढगात शेजारी होते. जमिनीवर त्यांची पुन्हा गाठ नाही.

या रेषेवरून आज दोन राज्ये न्यायासनापुढे उभी आहेत. कणकुंबीच्या परिसरात उगम पावणारा कळसा नाला स्वभावतः पश्चिमेकडे, म्हणजे म्हादईकडे जातो. त्याचे पाणी मलप्रभेत वळवावे ही कर्नाटकाची योजना, आणि तिला गोव्याचा विरोध. त्यासाठी २०१० साली लवाद नेमला गेला, २०१८ साली त्याने निवाडा दिला, तरी वाद शमलेला नाही. आमच्या मुलांच्या कानांवर हा वाद घोषणांच्या रूपाने येतो. बेळगावच्या बाजूला एक घोषणा, माझ्या माहेरी सत्तरीत दुसरी. कोणाची बाजू खरी हे मी वर्गात सांगत नाही, येथेही सांगणार नाही. पण ज्यांना उद्या या प्रश्नावर मत द्यावयाचे आहे, त्यांनी निदान ती जागा पाहिलेली असावी, पाणी कोठून कोठे वाहते ते उतारावर उभे राहून समजून घेतलेले असावे, ही अपेक्षा अवास्तव आहे काय? मोटारीतून ती रेषा दोन क्षणांत ओलांडली जाते. सायकलीवर ती कळते, कारण तेथून पुढे पायडल मारावे लागत नाही!

माझे माहेर सत्तरीचे असे वर आलेच आहे, तेव्हा थोडे विषयांतर करते. माझी मातृभाषा कोकणी. शिकविते ती मराठीतून. आणि बाजारात भाजी घेते ती अर्धी कानडीतून. या वाटेने मी सायकलीवरून दोनदा माहेरी गेले आहे. मोटारीने जाताना बेळगावात मराठी-कानडी आणि तीन तासांनी एकदम कोकणी, असा पडदा बदलल्यासारखा अनुभव येतो. सायकलीने गेले तेव्हा पडदा कोठे पडतच नाही. जांबोटीची मराठी कणकुंबीकडे सरकताना हळूहळू हेल बदलते, क्रियापदे आखूड होतात, आणि घाटमाथ्यावरच्या एखाद्या म्हाताऱ्या बाईने "खंय वता गो बाये?" म्हणून विचारले की तिची भाषा मराठी म्हणावी की कोकणी, याचा निवाडा करावा असेही वाटत नाही. भाषाशास्त्राच्या पुस्तकात दोन बोलींमधील सीमेविषयी मी पदवीच्या वर्गात बरेच वाचले होते. ती सीमा एका पाण्याच्या तांब्याच्या निमित्ताने इतकी सोपी होऊन भेटेल, असे मात्र तेव्हा वाटले नव्हते.

हे डोंगर काही हिमालय नव्हेत, यांत सायकलीने जाण्यात पराक्रम तो कसला, असे एका विद्यार्थ्याने मला विचारले. प्रश्न चांगला आहे. पराक्रम नाहीच, आणि म्हणूनच ते आपल्यासाठी आहेत. परंतु ठेंगण्या डोंगरांना कमी लेखू नये. फ्रान्स देशाची जगप्रसिद्ध सायकलशर्यत १९०३ साली सुरू झाली. आज तिचे नाव घेताच आल्प्सच्या बर्फाच्छादित खिंडी डोळ्यांपुढे येतात. परंतु आल्प्स व पिरेनीज यांच्या उंच खिंडींची पाळी पुढे आली. त्याआधी, १९०५ साली, त्या देशाच्या ईशान्येकडील वोझ नावाच्या जंगली, गोलाकार माथ्यांच्या डोंगरांतील बालों दालझास हा चढ तिच्या मार्गात घातला गेला, आणि रने पोतिए हा स्वार त्याच्या माथ्यावर सर्वांत आधी पोचला. या डोंगराची उंची १२४७ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा चारशे मीटर कमी! तरीही हा चढ कोणास सायकलीवर बसून चढता येईल किंवा नाही, याविषयी त्या काळी जाणकारांना शंका होती.

त्याच काळात त्याच देशात सेंत-एतियेन या गावी पॉल द व्हिव्ही नावाचा एक रेशमाचा व्यापारी राहत असे. जन्म १८५३ चा, मृत्यू १९३० चा. 'वेलोसियो' या टोपणनावाने तो लिही, आणि सायकलीवर एक नियतकालिकही चालवी. गावाभोवतीच्या मध्यम उंचीच्या डोंगरांतून हिंडताना त्याच्या ध्यानात आले की सपाटीसाठी एक व चढासाठी दुसरी, अशी गती बदलण्याची सोय सायकलीला हवी. आज ज्याला आपण गीयर म्हणतो त्याचा पुरस्कार त्याने उभा जन्म केला. शर्यतीचे चालक आंरी देग्रांज यांचे मत नेमके उलट. खऱ्या मर्दाने स्नायूंच्या बळावर चढावे, गीयर ही वयस्कांची सोय, असे ते म्हणत. १९०२ साली तेथील एका प्रवासी संस्थेने डोंगराळ मुलखात कसोटी घेतली. त्या वेळी मार्थ एस ही स्त्री तीन गतींच्या सायकलीवर होती आणि तिच्यासमोर एक नामांकित पुरुष स्वार एकाच गतीच्या सायकलीवर. मार्थ एस वरचढ ठरली, आणि सबंध मार्गात तिने पाय जमिनीला टेकविला नाही. देग्रांज यांचे मत तरीही बदलले नाही. त्यांच्या शर्यतीत साखळी सरकविणाऱ्या गीयरला परवानगी मिळण्यास १९३७ साल उजाडावे लागले. मुली मागून मोटारीने येतील, ही सूचना ऐकली तेव्हा मला या बाईची आठवण झाली.

आता चढाचा हिशेब. मी कला शाखेची पदवीधर. त्यामुळे हा हिशेब आमच्या विज्ञानशिक्षकांकडून तपासून घेतला आहे. समजा, विद्यार्थिनीचे वजन ५५ किलो आणि सायकल व दप्तर मिळून १५ किलो. हे ७० किलोंचे ओझे दिवसभरातील सर्व चढ मिळून ५०० मीटर उचलावयाचे, तर लागणारे कार्य सुमारे ३,४३,००० ज्यूल होते. आपले शरीर खाल्लेल्या अन्नातील ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच कामी लावते, उरलेला उष्णतेत जातो, म्हणून चढताना घाम येतो. तेव्हा चौपट करून किलोकॅलरीत मांडले तर उत्तर ३३० च्या आसपास येते. सपाटीवरचे श्रम आणि वाऱ्याचा विरोध यांचे निराळे धरावयाचे. पण केवळ चढांपुरते बोलावयाचे तर दोन भाकऱ्यांहून फार अधिक ते नाही. न्याहारी धड न करता शाळेत येणाऱ्या मुलांनी या हिशेबावर जरा विचार करावा.

मग चढ इतका अंगावर का येतो? कार्य थोडे असले तरी ते थोड्या वेळात उरकण्याची आपल्याला घाई असते, म्हणून. शंभर मीटर पुढे गेल्यावर पाच मीटर वर नेणाऱ्या चढावर ताशी आठ किलोमीटरच्या वेगाने गेले, तर ऐंशी वॅटच्या आसपास शक्ती खर्च होते. वेग दुप्पट केला की शक्तीही दुप्पट लागते, आणि काही मिनिटांतच छातीचा भाता होतो. नवखी मुले चढाच्या पायथ्याशी उभी राहून, दात-ओठ खाऊन पायडले मारतात व अर्ध्यावर बसकण मारतात. जाणता स्वार पायथ्याशीच वेग उतरवितो, गीयर असेल तर हलका करतो, आणि शेजाऱ्याशी बोलता येईल एवढ्याच दमाने वर जातो. ज्यांच्या सायकलीला गीयर नाही त्यांनी खाली उतरून सायकल ढकलावी. त्यात कसलीही मानहानी नाही. ढकलताना कारवीची झुडपे अधिक नीट दिसतात. वेलोसियोचाही आग्रह असे की भूक लागण्याच्या आधी खावे, तहान लागण्याच्या आधी प्यावे, आणि केवळ दुसऱ्यास दाखविण्यासाठी दामटू नये. चढावर कोण पहिला आला याची नोंद आपल्या सहलीत ठेवली जाणार नाही, हे मी आताच सांगून ठेवते. शेवटी कोण आले याची मात्र ठेवली जाईल, कारण तो येईपर्यंत कोणी पुढे निघावयाचे नाही.

पालकांची खरी भीती चढाची नसते, ती वाहनांची असते, आणि ती रास्त आहे. चोर्ल्याचा रस्ता गोव्याला जाणाऱ्या-येणाऱ्यांचा. शनिवार-रविवारी तर त्यावरून गाड्यांची रीघ लागते, आणि सुट्टीच्या लहरीत असलेला चालक रस्त्याकडे कमी, आपल्या सोबत्यांकडे अधिक पाहतो. मालमोटारीही असतात. ही भीती मी खोडून काढणार नाही. परंतु तिच्यावरून "म्हणून सायकल नको" असा निष्कर्ष निघत नाही. "म्हणून सहल रविवारी नको" एवढा मात्र निश्चित निघतो. आठवड्याच्या मधल्या वारी जावे. उजाडताच निघावे, म्हणजे दुपारी बाराच्या आत कणकुंबी गाठता येते. आठ-आठ जणांच्या तुकड्या कराव्या, प्रत्येक तुकडीच्या पुढे एक व मागे एक मोठे माणूस असावे, आणि तुकडीने एकामागे एक चालावे. गप्पा मारण्यासाठी जोडीने चालणे या रस्त्यावर चालणार नाही. सर्वांच्या मागे एक गाडी दुरुस्तीचे सामान, औषधे व थकलेल्यांसाठी जागा घेऊन येईल. दुसरा दिवस परतीचा. रात्री सायकलीला हात लावावयाचा नाही. हे रान गव्यांचे आहे आणि अंधारात रस्ता त्यांचा असतो.

याच कारणास्तव सहल कणकुंबीपर्यंतच न्यावी, घाट उतरून गोव्यात नेऊ नये, असेही माझे ठाम मत आहे. मुलांना याचे वाईट वाटेल. सुर्ल्यापुढे घाट कोसळू लागतो, वळणावरून खाली अंजुण्याच्या धरणाचे पाणी चमकताना दिसते, आणि त्या दृश्यासारखे दृश्य आपल्या भागात दुसरे नाही, हे मी माहेरच्या अभिमानाने सांगते. पण चढ माणसाला दमवितो, उतार माणसाला फसवितो. ताशी वीस किलोमीटर वेगाने जाणारी सायकल कोरड्या सपाट रस्त्यावर ब्रेक दाबल्यापासून पाच-सहा मीटरांत थांबत असेल, तर चाळीसच्या वेगाने तिला वीस-बावीस मीटर लागतात. वेग दुप्पट झाला की अंतर चौपट होते. उतारावर त्याहूनही अधिक; रिम ओली असली तर बोलावयासच नको. ब्रेक वळणाच्या आधी दाबावा, वळणात नव्हे, आणि दोन्ही हातांनी दाबावा. हा एवढा साधा नियम हाडीमाशी मुरण्यास वर्षभराचा सराव लागतो. कुसमळी-जांबोटीकडचे लहान उतार त्या सरावाला पुरेसे आहेत. घाट कोठे पळून जात नाही.

या भीतीसंबंधी पालकांना एक गोष्ट मात्र स्पष्टपणे विचारावीशी वाटते. ज्या घरी मुलीला वा मुलाला सायकलीने सहा किलोमीटर जाऊ देण्यास जीव धजावत नाही, त्याच घरचा सोळा वर्षांचा मुलगा वडिलांची स्कूटर घेऊन शिकवणीला जातो, त्या वेळी ही भीती कोठे जाते? कायद्याने सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो पन्नास सी.सी.पर्यंतच्या, गीयर नसलेल्या दुचाकीचा. घरोघरी उभ्या असलेल्या स्कूटरी याच्या दुपटीहून मोठ्या असतात आणि त्यांना अठरा वर्षे पुरी व्हावी लागतात. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार, अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. मी कोणास भिववीत नाही. पण ताशी पंधरा किलोमीटर वेगाने जाणारे, स्वतःच्या दमाने चालणारे वाहन "धोक्याचे", आणि ताशी साठने जाणारे "सोयीचे", हा न्याय मला समजलेला नाही.

सायकली आणावयाच्या कोठून, ही अडचण दिसते तेवढी मोठी नाही. कर्नाटक शासनाने २००६-०७ पासून कित्येक वर्षे आठवीच्या मुलामुलींना मोफत सायकली दिल्या. खेडेगावांतून येणाऱ्या आमच्या मुलींच्या थोरल्या बहिणी त्याच सायकलींवर बसून दहावीपर्यंत पोचल्या. त्यांतील पुष्कळ आज गोठ्यात, जिन्याखाली, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी गंजत उभ्या आहेत. साखळी रॉकेलऐवजी आता डिझेलने धुवावी लागेल एवढेच. तेल घालावे, ब्रेकचे रबर बदलावे, ट्यूब-टायर पाहावे, सीट उंचीप्रमाणे वर घ्यावी. सीट खाली ठेवून गुडघे हँडलला लागतील अशा बेताने चालविण्याची आपल्याकडे जी रीत आहे, तिने चढावर गुडघे दुखणारच. पायडल सर्वांत खाली असताना टाच त्यावर ठेवून पाय जवळजवळ सरळ व्हावा, इतकी सीट उंच हवी. पंक्चर काढणे प्रत्येकास आले पाहिजे. त्याचा वर्ग मी शनिवारी शाळा सुटल्यावर घेण्यास तयार आहे, आणि तो मुलींपासून सुरू होईल.

मुलींच्या बाबतीत वेगळे काही लिहू नये असे ठरविले होते. पण तडजोडीचा तो विचार निघालाच आहे, तर लिहिते. मुलींना मागून मोटारीने आणण्याची सूचना करणारांच्या मनात वाईट काही नाही, काळजीच आहे. मात्र तिचा अर्थ असा होतो की मुलगे नदी ओलांडतील आणि मुलींना नदी दाखविली जाईल. आमच्या शाळेत कित्येक मुली रोज पाच-सहा किलोमीटर सायकलीने येतात, पाठीवर दप्तर आणि पुढच्या जाळीत धाकट्या भावाचा डबा घेऊन. त्यांच्या पायांत बळ आहे की नाही, हे पाहण्यास कणकुंबीला जाण्याचीही गरज नाही. सकाळी साडेनऊला शाळेच्या फाटकाशी उभे राहिले तरी पुरे. मुक्कामाची निराळी सोय, दोन शिक्षिका सोबत, वाटेत थांबण्याची ठिकाणे आधी पाहून ठेवलेली, एवढ्या गोष्टी शाळेने केल्याच पाहिजेत, आणि त्या केल्याशिवाय मुलींनाच काय, मुलग्यांनाही नेऊ नये. त्या करून झाल्यावर मात्र पडदा लावलेल्या खिडकीत त्यांना बसविण्यास माझी संमती नाही.

अभ्यासाचे दोन दिवस बुडतील, असाही एक आक्षेप आहे. त्याला उत्तर देण्याइतका तो मला महत्त्वाचा वाटत नाही.

सहलीचा काळ डिसेंबराचा पहिला पंधरवडा धरला आहे. तोवर ओढे आटलेले नसतात, भात कापून झालेले असते, आणि थंडी सोसण्याजोगी असते. त्याआधी जूनपासूनच तयारी सुरू व्हावी: पावसाळ्यात दुरुस्तीचे वर्ग, दसऱ्यानंतर पिरनवाडीपर्यंत जाऊन येणे, मग किणयेपर्यंत, आणि नोव्हेंबरात एकदा कुसमळीच्या पुलापर्यंत. ज्यांना तेथवर जाऊन येणे झेपेल त्यांनाच पुढे नेले जाईल, मग तो मुलगा असो वा मुलगी. प्रत्येकाजवळ हेल्मेट असलेच पाहिजे; ज्यांना घेणे शक्य नाही त्यांच्यासाठी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांकडे शब्द टाकला आहे. मोबाइल फोन तुकडीच्या पुढच्या-मागच्या मोठ्या माणसांजवळ असेल, मुलांजवळ नाही. संमतिपत्रके पहिल्या पालकसभेत वाटली जातील. ज्या पालकांना आपल्या मुलीविषयी विशेष काही बोलावयाचे असेल त्यांनी शनिवारी दुपारी शाळेत अवश्य यावे. आणि ज्या आयांनी लहानपणी सायकल चालविली होती व पुढे सोडून दिली, त्यांतील चारजणी तुकड्यांच्या मागे चालावयास मिळाल्या तर मला हव्या आहेत.